जळक्या रबराचा वास

फेब्रुवारी १९३७. लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर जॉर्ज गर्श्विन पियानो वाजवत होता. रचना त्याची स्वतःचीच होती, ‘कॉन्चेर्टो इन एफ’. १९२५ मध्ये त्याने ती लिहिली होती आणि तिचा स्वर न् स्वर त्याला पाठ होता. तरीही वाजवताना मध्येच क्षणभर त्याचे भान हरपले आणि काही स्वर सुटले. लगेच सावरून त्याने वादन पूर्ण केले. त्या क्षणी आपल्याला रबर जळल्यासारखा घाणेरडा वास आला, असे त्याने नंतर सांगितले. सभागृहात काहीच जळत नव्हते.

त्यानंतर पाच महिन्यांनी, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, तो गेला. या पाच महिन्यांत त्याला नामवंत डॉक्टरांनी तपासले, मोठ्या रुग्णालयात दाखल करून घेतले, त्याच्या मनात काय सलते आहे हे समजून घेण्यासाठी त्याला तासन् तास बोलते केले. त्याच्यावर उपचार झाले नाहीत असे नाही. ते झाले मनावर, आणि दुखणे होते मेंदूत.

भावासाठी आणलेला पियानो

जॉर्जचा जन्म २६ सप्टेंबर १८९८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित. चार भावंडांत थोरला आयरा पुस्तकात रमणारा, तर जॉर्ज रस्त्यावर हुंदडणारा. घरात पियानो आणला तो आयराने शिकावे म्हणून, पण बसला त्याच्यासमोर जॉर्ज. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि गाण्यांच्या छापील प्रती विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. पगार आठवड्याला १५ डॉलर. गिऱ्हाइकांना नवी गाणी पियानोवर वाजवून दाखवायची, हे काम.

विशीतच त्याचे ‘स्वानी’ हे गाणे अल जोल्सनच्या आवाजात अमेरिकाभर गाजले. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये ‘रॅप्सडी इन ब्लू’ प्रथम वाजली आणि जॅझची लय व पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत यांची एक नवीच सांगड श्रोत्यांनी ऐकली. ही रचना त्याने काही आठवड्यांतच लिहून काढली होती. पुढे १९२८ मध्ये ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ आली. नाटकांसाठी जॉर्जच्या चाली आणि आयराचे शब्द ही जोडी ठरून गेली. ‘ऑफ दी आय सिंग’ या संगीतिकेला १९३२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते लेखनासाठी असल्याने आयरा आणि दोन्ही नाटककारांना दिले गेले. ज्याच्या चालींवर ती संगीतिका उभी होती, त्या जॉर्जचे नाव त्यात नव्हते.

१९३५ मध्ये त्याचे सर्वांत महत्त्वाकांक्षी काम रंगभूमीवर आले, ‘पोर्गी अँड बेस’ हा ऑपेरा. दक्षिण कॅरोलिनातील गरीब कृष्णवर्णीय वस्तीची ही कहाणी. त्यातले ‘समरटाइम’ आज जगभर गायले जाते. त्या वेळी मात्र समीक्षकांची मते विभागली गेली, १२४ प्रयोगांनंतर ऑपेरा बंद पडला आणि गुंतवलेले पैसेही निघाले नाहीत.

कोचावरचे बोलणे

बाहेरून पाहणाऱ्याला जॉर्ज म्हणजे उत्साहाचा झरा वाटे. मेजवानीत पियानो दिसला की तो वाजवायला बसे आणि तासन् तास उठत नसे. आतून मात्र तो अस्वस्थ होता. पोटाच्या तक्रारी जुन्या होत्या. लग्न करावेसे वाटे, पण जमत नव्हते. अशा वेळी, तिशीच्या मध्यावर, तो ग्रेगरी झिलबूर्ग या न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध मनोविश्लेषकाकडे जाऊ लागला.

मनोविश्लेषण ही सिग्मंड फ्रॉइड यांनी घडवलेली उपचारपद्धती. रुग्णाने कोचावर आडवे व्हायचे आणि मनात येईल ते बोलत जायचे. आठवड्यातून चार-पाच दिवस, कित्येकदा वर्षानुवर्षे. बालपणातील दडपलेल्या इच्छा आणि भीती बोलण्यातून वर आल्या की लक्षणे ओसरतात, हा त्यामागचा विचार. त्या काळात न्यूयॉर्क आणि हॉलीवूडमधील लेखक, नट, संगीतकार यांच्यात या उपचाराचे मोठे आकर्षण होते. मनाच्या आजारांसाठी आज आहेत तशी परिणामकारक औषधे तेव्हा नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. मनमोकळे बोलायला एक जागा मिळणे हीच मोठी गोष्ट होती.

‘पोर्गी’नंतर जॉर्ज मेक्सिकोच्या सहलीला गेला, तेव्हा सोबत्यांमध्ये झिलबूर्गही होते. आज कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाबरोबर असे फिरायला जाणे व्यावसायिक नीतीत बसणार नाही. या उपचारांनी जॉर्जला किती बरे वाटले, हे आज मोजून सांगता येणार नाही. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. जॉर्ज हा मनाचे उपचार घेणारा माणूस आहे, हे त्याच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक झाले. पुढे हीच ओळख त्याला महागात पडली.

हातातून निसटणारा काटा

ऑगस्ट १९३६ मध्ये दोघे भाऊ चित्रपटांसाठी गाणी करायला हॉलीवूडला गेले. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या ‘शॅल वुई डान्स’चे संगीत जॉर्जने दिले. काम भरपूर होते, पण मन लागत नव्हते. चित्रपटसृष्टीत संगीतकाराला न्यूयॉर्कसारखा मान नाही, ही खंत होती. म्हणजे उदास आणि चिडचिडे व्हायला पुरेशी कारणे समोरच होती. त्यामुळे फेब्रुवारीतील त्या प्रसंगानंतर त्रास वाढू लागला, तेव्हा प्रत्येक लक्षणाला कुणाकडे ना कुणाकडे मनातले एखादे कारण तयार होते.

तो विचित्र वास पुन्हा येऊ लागला. सकाळी उठल्यावर भोवळ येई, डोके ठणके. जूनपर्यंत डोकेदुखी असह्य झाली. उजेड सहन होईना. जेवताना हातातला काटा निसटू लागला, पाणी सांडू लागले. पियानोवर विजेसारखी फिरणारी बोटे अडखळू लागली. घरच्यांना हे दिसत होते, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. तो हॉलीवूडला कंटाळला आहे, असे काहींचे मत पडले. जवळच्या काही जणांना तर तो लक्ष वेधून घेण्यासाठी असे करतो, असेही वाटू लागले.

लॉस एंजेलिसमध्येही एका नावाजलेल्या मनोविश्लेषकाशी त्याची गाठ घालून देण्यात आली. शरीराची तपासणी झाली, ती बहुतांशी ठीक आली. उजव्या नाकपुडीने वास कमी येतो, अशी एक छोटी नोंद मात्र झाली होती. २३ जूनला त्याला सीडर्स ऑफ लेबनॉन रुग्णालयात दाखल केले. रक्ताच्या तपासण्या आणि कवटीचा एक्स-रे यांतून काही हाती लागले नाही. पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला. दुखेल म्हणून जॉर्जने नकार दिला. २६ जूनला त्याला घरी सोडले, ते बहुधा हिस्टेरिया असावा, असे निदान करून.

हिस्टेरिया म्हणजे शरीरात दोष नसताना मनातल्या ताणामुळे उमटणारी शारीरिक लक्षणे. असा आजार खरोखर असतो आणि रुग्ण नाटक करत नसतो. आज त्याला वेगळे नाव आहे. पण तपासण्यांत काही सापडले नाही म्हणून आजार मनाचाच, असे म्हणता येत नाही. काही सापडले नाही याचा अर्थ इतकाच, की त्या दिवशी, त्या साधनांनी, काही सापडले नाही.

घरी विश्रांती आणि मनोविश्लेषकाशी बोलणे सुरू राहिले. पुढच्या दोन आठवड्यांत जॉर्जचे वागणे अनोळखी होत गेले. भेट आलेली चॉकलेटे त्याने कुस्करून मलमासारखी अंगाला चोळली. चालत्या मोटारीतून चालकाला बाहेर ढकलण्याचा प्रयत्न केला. असे का केले, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. शांतता मिळावी म्हणून त्याला एका मित्राच्या रिकाम्या घरी हलवले.

शेवटचे दोन दिवस

९ जुलैला जॉर्ज कोसळला आणि बेशुद्ध झाला. रुग्णालयात डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले तेव्हा आतल्या पडद्यावर, जिथे मेंदूकडून येणारी नस उघडते, तिथे सूज दिसली. कवटीच्या आत दाब वाढल्याची ही खूण. आता शंकेला जागा उरली नव्हती.

मग एकच धावपळ उडाली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे पितामह हार्वी कुशिंग यांना फोन गेला. ते निवृत्त झाले होते. त्यांनी बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांचे नाव सुचवले. डँडी सुटीवर होते, चेसापीक उपसागरात एका नौकेवर. त्यांना शोधण्यासाठी थेट व्हाइट हाऊसपर्यंत फोन झाले. डँडी किनाऱ्यावर येऊन विमानतळापर्यंत पोहोचले, पण तोपर्यंत जॉर्जची प्रकृती वाट पाहण्यासारखी राहिली नव्हती. कॅलिफोर्नियातलेच शल्यविशारद हॉवर्ड नॅफझिगर आणि कार्ल रँड यांनी शस्त्रक्रिया केली. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला असलेल्या भागात गाठ सापडली. तिच्यात पाणी साचलेली पोकळी होती. गाठ कर्करोगाची, झपाट्याने वाढणारी होती. आज तिला ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. ११ जुलै १९३७ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास जॉर्जने प्राण सोडला. त्याच्या शेवटच्या चालींपैकी एका चालीवर शब्द लिहिण्याचे काम आयराने भाऊ गेल्यानंतर पूर्ण केले.

वास कुठून येत होता?

मेंदूच्या ज्या भागात जॉर्जची गाठ होती, त्याच्या आतल्या बाजूला वासाची जाणीव करून देणारे केंद्र असते. तिथल्या पेशी गाठीमुळे चाळवल्या गेल्या की काही क्षण एक छोटी आकडी येते. अशा आकडीत हातपाय झाडले जात नाहीत. माणूस क्षणभर हरवल्यासारखा होतो आणि नसलेला वास त्याला येतो. तो वास बहुधा घाणेरडा, जळकट असतो. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अशा रुग्णांचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच करून ठेवले होते. म्हणजे ही माहिती १९३७ मध्ये वैद्यकशास्त्राला नवी नव्हती.

डॉक्टरांच्या बाजूनेही काही सांगायला हवे. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, तो १९७० च्या दशकात आला. एमआरआय त्याच्याही नंतरचा. मेंदूतली गाठ शोधायची तर कवटीला छिद्र पाडून आतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढावा लागे. ती तपासणी जोखमीची होती आणि सबळ कारणाशिवाय कोणी करत नसे. पाठीतले पाणी काढायला जॉर्जने नकार दिला, याची हळहळ पुढे अनेकांनी व्यक्त केली. पण डोक्यातला दाब वाढलेला असताना ते पाणी काढणे जिवावर बेतू शकते, हेही खरे.

लवकर निदान झाले असते तर तो वाचला असता का? बहुधा नाही. ही गाठ मुळात मंद वाढणारी होती का, यावर डॉक्टरांमध्ये पुढे चर्चा झाली. पण ग्लायोब्लास्टोमात आजही शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हे सगळे करून बहुतेक रुग्णांना दीड-दोन वर्षांहून अधिक आयुष्य लाभत नाही. १९३७ मध्ये तर आशा फारच कमी होती.

मग चुकले ते काय? जॉर्जचे शेवटचे आठवडे चुकले. ज्याच्या मेंदूत गाठ वाढत होती, त्या माणसाला त्याचे दुखणे त्याच्याच मनाने उभे केले आहे, असे सांगितले जात होते. डोके फुटेल असे दुखत असताना त्याने आपल्या आतल्या संघर्षाचा शोध घ्यावा, अशी अपेक्षा होती. काटा हातातून पडला तर संशय त्याच्या हेतूवर घेतला गेला. खरा आजार कळला असता तर गाठ थांबली नसती, पण वेदनेवर उपचार झाले असते आणि आजूबाजूच्यांची नजर बदलली असती. भावाला निरोप घ्यायला वेळ मिळाला असता. बरे न होणाऱ्या आजारातही योग्य निदानाला मोल असते ते यासाठी.

बोलण्याचे बळ आणि त्याची हद्द

जॉर्जची गोष्ट वाचून बोलून केले जाणारे उपचार निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे ही दुसरी चूक ठरेल. फ्रॉइड यांच्यानंतर हे उपचार खूप बदलले. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या आजच्या पद्धती ठरावीक बैठकांच्या आणि ठरावीक उद्दिष्टांच्या असतात, त्यांचे परिणाम तपासून पाहिलेले असतात. सौम्य ते मध्यम नैराश्य, चिंतेचे विकार, अचानक येणारे भीतीचे झटके, मंत्रचळ, मोठ्या आघातानंतरचा त्रास यांत त्यांचा चांगला उपयोग होतो. काही रुग्णांना औषधाची गरजही पडत नाही.

पण त्यांची हद्द ओळखायला हवी. स्किझोफ्रेनिया, उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा बायपोलर विकार, खाणेपिणे सुटलेले तीव्र नैराश्य, भास आणि भ्रम यांत केवळ समुपदेशनावर विसंबून राहता येत नाही. तिथे औषधे पायाभूत असतात, काही वेळा रुग्णालयात दाखल करावे लागते, आणि बोलण्याचे उपचार त्यांच्या जोडीने मदत करतात. एखादा रुग्ण महिनोन् महिने समुपदेशन घेऊनही खालावत असेल, तर तो मनापासून प्रयत्न करत नाही, असे म्हणण्याआधी निदान आणि उपचार पुन्हा तपासले पाहिजेत.

दुसरी हद्द जॉर्जच्या वाट्याला आली ती. मनाच्या आजारासारखी दिसणारी कित्येक दुखणी शरीराची असतात. थायरॉइड मंदावले तर माणूस सुस्त, उदास होतो. तेच जास्त काम करू लागले तर छातीत धडधड आणि घबराट होते. ब १२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने स्मृती आणि मनःस्थिती दोन्ही बिघडू शकतात, आणि शाकाहारी माणसांत ही कमतरता पुष्कळ आढळते. मेंदूचा संसर्ग, अपस्मार, रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे, काही औषधांचे दुष्परिणाम, दारू अचानक सोडणे ही यादी लांबच लांब आहे. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागला तर ते मन नव्हे, बहुधा शरीर बोलत असते.

याच्या उलट चूकही आपल्याकडे तितकीच होते. नैराश्याने ग्रासलेली माणसे डोकेदुखी, अंगाची आग, पोटातला गोळा अशा तक्रारी घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतात. स्कॅनमागून स्कॅन होतात, घरातला पैसा संपतो, आणि मन कसे आहे हे कोणी विचारतच नाही. म्हणून आधी शरीर की आधी मन, असा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही पाहायला हवे, आणि त्रास वाढत असेल तर पुन्हा पाहायला हवे.

केव्हा थांबू नये?

मानसिक उपचार सुरू असतानाही काही लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडून शारीरिक तपासणी लगेच करून घ्यावी. पूर्वी कधी नव्हती अशी, पहाटे किंवा उठल्यावर वाढणारी आणि उलट्यांसह येणारी डोकेदुखी. नसलेला वास येणे, क्षणभर हरवल्यासारखे होणे, आकडी. हातापायांत अडखळ, वस्तू निसटणे, बोलण्यात किंवा दिसण्यात फरक. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच स्वभावात झालेला मोठा बदल. मनाच्या त्रासाबरोबर ताप, घटते वजन किंवा गोंधळलेपण.

समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांतला फरकही माहीत असावा. मानसोपचारतज्ज्ञ आधी एमबीबीएस होऊन मग मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो. तो शरीर तपासू शकतो, औषध देऊ शकतो. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ बोलण्याचे उपचार करतात. चांगला समुपदेशक गरज दिसताच डॉक्टरकडे पाठवतो आणि चांगला डॉक्टर गरज दिसताच समुपदेशकाकडे. पहिली वाट कोणती धरावी हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागात दाखवता येते.

आणि घरात कोणाला नवा, न समजणारा त्रास सुरू झाला, तर तो मुद्दाम करतो आहे, हा विचार सगळ्यांत शेवटी करावा.